डावी मूठ

खलाशी मामानं कोबेहून आणला
तेव्हा त्याला दोन्ही हात होते.
मालिका आम्ही कुणीच पाहिली नव्हती;
भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत टीव्ही यायचा होता अजून.
म्हणून गोष्ट आम्हीच रचली:
हा तापीच्या पुलाखाली राहतो,
रात्री केळीच्या वॅगनी राखतो,
शेडमधल्या इंजिनांशी वाफेत बोलतो.
कळ दाबली की डावी मूठ सुटायची.
एकदा सुटली ती गेलीच.

आता निनाद ओक आलेत पुण्याहून,
भर मेमध्ये, सत्तेचाळीस डिग्रीत,
पांढरे हातमोजे घालून.
आधी खोक्याचा वास घेतात.
आईनं त्यात बटणं ठेवलेली,
म्हणून कडा शाबूत.
तळाची जपानी अक्षरं टॉर्चनं वाचतात, मान हलवतात.
"मूठ असती तर दसपट दिले असते."

रावेरला फोन लावला.
कुमुदताई हसली.
"माह्याजवळच हाये ना ती, भो.
शाळेत पोरी मारायच्या मले,
म्हणून दप्तरात ठेवायची.
आता कपाटाच्या किल्लीले बांधेल हाये."
"देशील?"

बराच वेळ नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज.
सासरी गेल्यापासून ती कुणाशी भांडली,
कधी, किती वेळा,
मी विचारलंच नव्हतं.

"सांग त्याले," ती म्हणाली,
"सुटेल हाये. परत नाही आली अजून."

ओकांनी मोजे काढले.
तळहात ओलेचिंब.
मी बटणं पुन्हा खोक्यात भरू लागलो.