चाकोरी

मंगळवारी फकिराप्पा आला, दोरी घेऊन.
फाटकापासून पायरीपर्यंत खुंट्या मारल्या,
फक्कीची रेघ ओढली आणि म्हणाला,
आठ इंच, अक्का. आठ इंच माती सगळी बाहेर.
मग मुरूम, मग पाणी, मग धुम्मस,
वर बोटभर कच. ब्लॉक सगळ्यात शेवटी.
ब्लॉक काय, एका दिवसाचं काम.
दिसणार नाही त्यालाच चार दिवस लागतात.

घमेल्यातून रोशनची गोटी निघाली,
आणि पोती शिवायची दाभण,
जिच्यावरून एक अख्खा पावसाळा
मी जावेशी बोलले नव्हते.
धुऊन खिडकीत ठेवली.
जाऊ आता सांबऱ्याला असते.

मधली माती भुशासारखी सुटत होती.
पण दोन्ही अंगांना दोन पट्टे,
तिथं कुदळ वाजायची.
बसव्वा थांबली, तळहातावर फुंकर घातली,
एन ऐत्री इल्ली?

काय असणार. चारशेसात.
बावीस वर्षं रात्री दोनला कडोलीतनं निघायची
कोबी, नवलकोल, बटाटा भरून,
चोर्ल्यानं उतरून उजाडायच्या आत म्हापशाला.
दुपारी सुक्या बांगड्यांचा वास घेऊन
ह्याच दोन ओळींवरनं आत.
ओळींत पाणी साचलं की मी विटांचे तुकडे टाकायची,
शिव्या घालत;
हे त्यावरनं गाडी घालायचे, शीळ घालत.

म्हटलं, फकिराप्पा, एवढं घट्ट आहे तर राहू दे,
तुझा मुरूमही वाचेल.
तो उकिडवा बसला, अंगठ्यानं दाबून बघितलं.
नको, अक्का. निम्मं घट्ट निम्मं मऊ, तर वरचं फुटतंय.
मऊ तेवढं खचतंय, घट्ट तसंच ऱ्हातंय,
दोन पावसाळ्यांत ब्लॉक तोंड वासतोय.
सगळं उकरायचं. मग सगळं एकसारखं ठोकायचं.

हे पडवीत, खुर्चीवर.
डावा हात मांडीवर ठेवलेला,
दिवाळीपासून मीच ठेवते तसा.
रोशनची नवी गाडी बुटकी आहे, पोट घासतं,
म्हणून हे काम, असं आम्ही सगळ्यांना सांगितलंय.
चाकांची खुर्ची बेळगावात सांगून ठेवलीय
ते सांगितलेलं नाही.

कुदळ पडत राहिली.
मी चहा टाकायला आत गेले,
साखर दोनदा घातली.

सांजेला पाण्याची नळी धरली.
एक टोक पायरीशी, एक फाटकाशी बसव्वाच्या हातात.
पाणी डुचमळलं, ठरलं.
फकिराप्पा ओरडला, वंद बट्ट इळसरी!

तेव्हा पडवीतून, अर्ध्या तोंडानं, जड,
एरड.

सगळे वळले.
एरड बट्ट, हे म्हणाले. आणि माझ्याकडे बघून,
पाणी पायरीकडं येतंय.

फकिराप्पानं नळी पुन्हा उचलली,
एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.
मग फाटकाकडे गेला,
खुंटीवरची दोरी सोडली
आणि दोन बोटं खाली बांधली.