बोटावर उरेल तेवढंच

एकतीस वर्षं हा माणूस
पितळ घेऊन कधी घरी आला नाही.
फाटकावर झडती असायची. डबा उघडा, बूट काढा,
टोपी उलटी करा.
झडतीत सुटायचा फक्त बोटांवरचा वास:
मेंढीच्या लोकरीतून काढलेली चरबी, थोडं स्पिरिट,
आणि खाली पितळेची ती आंबट धार,
जीभ लावल्यासारखी.
वाडीच्या क्वार्टरात पोळीला हात लावला
की पोळीलाही तोच.
मी भांडायची. भंडाऱ्याची मी, कासाराची लेक,
मला पितळ कसलं शिकवता?
आमच्याकडे चिंच लावून घासतात,
तुमच्याकडे चरबी लावून दाबतात.

तेव्हा एकदा, मे महिना, कूलरला पाणी नाही,
यादवराव स्टीलचं फुलपात्र हातात धरून
समजावत बसले.
"हे पाह्य. हे बूड. हे अंग.
हा खांदा. ही मान. हे तोंड."
मी म्हटलं, बाई आहे का काडतूस?
हसले नाहीत.
"चाचणीत एकदा उडालं का फुगते.
परत मापात आणाचं तं साच्यातून काढा लागते.
कोरडं घातलं तं अडकते,
बूड तुटून हातात येते, अंग आतच राह्यते.
आन् जास्त लावलं तं..."
फुलपात्रावर अंगठा दाबून धरला.
"तेलाले दाबता येत नाही ना. थे जाईन कुठं?
खांद्याले खळगा पाडते.
म्हणून बोटावर उरन तेवढंच.
दिसलं नाही पाह्यजे. लागलं पाह्यजे."

मी विचारलं, मग ती जातात कुठे?

पंखा फिरत होता.
"आमच्या इथून तं रिकामीच जातेत," म्हणाले,
आणि त्याच फुलपात्रात माठातलं पाणी घेऊन
उभ्याउभ्या प्यायले.
तो प्रश्न मी परत विचारला नाही.
ते उत्तर त्यांनी परत दिलं नाही.

आता दिवाळीपासून माझा डावा खांदा धरलाय.
धंतोलीचा डॉक्टर म्हणतो, फ्रोझन शोल्डर.
नागपुरात! चव्वेचाळीस अंशांत!
मी हसले तर तेही दुखलं.
वरच्या फळीवरचा डबा गेला, पाठीमागची गाठ गेली,
वेणी तर गेलीच.
शेजारच्या बेबीताई सांगून गेल्या,
पाव वाटी तेल गरम करा आणि चोपडा.
यादवराव ऐकून घेतात, मान डोलावतात,
आणि तळहातावर तीन थेंब घेतात.
दुसरा तळहात त्यावर फिरवतात,
उजेडात धरून बघतात,
जास्तीचं धोतराला पुसतात. (पांढरं धोतर. असो.)
मग थांबतात. का थांबता, विचारलं तर
"पसरू दे त्याले."

भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत.
माझी बोटं रोज चालत वर जातात,
जिथे थांबतात तिथे रेघ, रेघेशेजारी तारीख.
पोलादी पट्टीने मोजतात. काल तीन मिलिमीटर,
आज काहीच नाही.
"अडकलं तं सांग. जोर नाही लावाचा."
एकतीस वर्षं मी ह्या आवाजाला
मशीनवर सोडून आलेला आवाज समजत होते.

चुन्यावर रेघांच्या बाजूने
माझ्या बोटांचे तेलकट ठिपके वर चढलेत,
शेवटचा अजून ओला.

पाचचा भोंगा होतो. अजूनही होतो.
आणि यादवराव, जिथे असेल तिथे,
खांद्याच्या अर्ध्यातच हात थांबवतात,
फडक्याला पुसतात,
आणि माझ्यासमोर दोन्ही तळवे धरतात,
आधी सुलटे, मग उलटे.

मी बघते. नीट बघते, एकेक बोट.
जा, म्हणते. काही नाही.