खापरं धुणारी

सार्त गावात, सकाळी सातला,
हाजेर बादलीत पाणी ओतते
आणि दात घासायच्या ब्रशनं
लिडिया धुवायला बसते.

काठाचं खापर वेगळं, बुडाचं वेगळं,
कानाचा तुकडा त्या पाटीत.
अकरा उन्हाळ्यांत बोटांना डोळे फुटलेत;
न बघताही सांगते,
हे जळलेल्या थरातलं.

या देशातून सोन्याचा धूर निघे, म्हणतात.
पहिलं नाणं इथलंच, सिंहाच्या तोंडाचं,
वाटाण्याएवढं.
त्याआधी जगात कुणी कुणाला
सुटे नाहीत म्हणून परत पाठवलं नव्हतं.
मग राजानं देवाला कौल लावला,
देवानं दुतोंडी उत्तर दिलं,
आणि गडावरच्या कुणा शिपायाचं शिरस्त्राण
घरंगळत खाली गेलं.
तो ते आणायला कडा उतरला.
खालून शत्रूनं फक्त
त्याची पावलं लक्षात ठेवली.

पुढे शहर पेटलं
तेव्हा निघाला तो साधाच धूर,
बोरूच्या छपरांचा.

नदी अजून आहे.
रुश्तू पहारेकरी म्हणतो,
सोनं होतं तोवर नदी, आता ओढा.
पाहुणे वाकून वाळू चिवडतात
तेव्हा तो तोंड फिरवून हसतो.

आज एक झाकलेलं मडकं आलं.
सोबत एक पेला, एक थाळी,
गंजून बोटाएवढी उरलेली सुरी.
मडक्यात हाडं,
काड्यापेटीत मावतील अशी.
कुत्र्याचं पिल्लू, खोदकामाच्या बाई म्हणाल्या,
देवासाठी वाढलेलं पान,
कुणाच्या तरी घराच्या जमिनीखाली.
कुठला देव?
बाईंनी खांदे उडवले,
वहीत आकडा टाकला.

हाजेरनं ब्रश बाजूला ठेवला.
ही हाडं तिनं बोटांनी धुतली,
तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी,
मान कुठे असेल त्या अंदाजानं
तळवा खाली धरून.

घरी अंगणभर द्राक्षं वाळत पडलेली.
रिकाम्या खोक्यांमागे कुत्री व्यालेली, परवाच.
हाजेरनं पिल्लं मोजली. पाच.
हात धुऊन आली, पुन्हा मोजली.
मग थाळीत दह्यात कालवलेला पाव
तिच्यापुढे सरकवला.
पाव हातानंच तोडला होता.
सुरी आज
खिळ्यावरून काढलीच नाही.