कीबोर्डखाली ठेवलेली चिठ्ठी

वैजू,
मिरजेला चाललोय, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू.
पंधरा दिवस वडगावचं हे दुकान तुझ्यावर.
साडेअकराला वीज जाते. यूपीएस बोंब मारतो,
तीन मिनिटं म्हणाला तर दोनच धर.
आधी सेव्ह, मग शिव्या.

फाईल उघडली की माप बघ, फूट का मिलिमीटर.
अनगोळच्या बिर्जेंचा दुमजली बंगला
मी एकदा चुकीच्या मापात उघडला,
पडद्यावर ठिपका, मुंगीच्या डोक्याएवढा.
फाईल मेली म्हणून मडगावच्या पोराला फोन लावला.
तो हसला. बंगला होता तिथंच होता,
जिन्यासकट, गच्चीवरच्या टाकीसकट.

फरशी भरेना झाली तर फरशीला बोल लावू नको,
भिंती बघ. आपल्याला चार भिंती दिसल्या
की खोली दिसते. याला नाही.
कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली
तरी म्हणणार, ही खोली नव्हे.
मग एकेक कोपरा मोठा करत जायचं,
मोठा, आणखी मोठा, डोळ्यात पाणी येईस्तोवर.
खोटं बोलत नाही बिचारं, खरं लई हट्टी.

अक्षरं. मी ‘न्हाणी’ लिहिलं,
छापून आले नुसते चौकोन.
महापालिकेच्या प्रतीवर तेच कानडीत लिहिलं, तिथंही चौकोन.
दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले,
कुठला कुणाचा, मलाच ओळखेना.
जरा वेळ बरं वाटलं, का कोण जाणे.
फॉन्ट लाल दोरीच्या पेनड्राइव्हवर आहेत. दोन्ही घाल.

सामानाच्या यादीत पियानो आहे, तीन तऱ्हेचे.
शेकोटी आहे. बर्फातले बूट ठेवायची फळी आहे.
माग नाही.
मी एक पलंग घेतला, गादी काढली,
पाय कापले, वर शिडी आडवी टाकली,
‘माग-२’ नावानं ठेवलाय. (‘माग-१’ उघडू नको, तो उलटा होतो.)
पाय सोडायचा खड्डा मात्र हातानं काढावा लागतो.
जमिनीखाली माणसाचं काही असतं
हे याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता ढवळींचं.
इराप्पांना घरातून फिरवून आणलं, दारातून सोप्यात,
सोप्यातून मागाच्या खोलीत. “सिनेमाच की!” म्हणाले.
तंगव्वा गप्प होत्या. मग म्हणाल्या,
“हे उभ्या माणसाचं झालं. मी बसले की काय दिसतंय?”

वैजू, बावीस वर्षं नकाशे काढतोय,
आधी टी-स्क्वेअरनं, आता यानं,
हे कुणी विचारलं नव्हतं.
कॅमेऱ्यात डोळ्याची उंची असते,
आपोआप येते पाच फूट सहा इंच.
कुणाच्या डोळ्याची, देव जाणे.
मी अडीच फूट टाकली.
खिडकी सरकन् वर गेली.
समोर भिंत. पांढरी. पडदाभर.

तंगव्वा एवढंच म्हणाल्या,
“हे तर आत्ताच्या घरात बी हाय.”

खिडकी पावणेदोन फूट खाली घेतली.
इराप्पा म्हणाले, ग्रिलचा खर्च वाढतोय,
त्या म्हणाल्या, वाढू दे.
मग परसातला शेवगा दिसायला लागला,
म्हणजे मी तिथं एक झाड टाकलं, यादीतलं,
पानं जरा मेपलसारखी आहेत, चालवून घे.

माऊस उजवीकडे अडकतो, चाक पुसून घे.
खणात ढवळींचे दोन हजार आहेत, पावती कर.
त्या मंगळवारी येतील. लगेच खुर्ची पुढं करू नको,
खाली बसायचंय का, विचार.
मॉनिटरची वायर जमिनीपर्यंत पुरते.
मी लावून बघितलीय.