चुन्याची रेघ

दस्तगीरमामा पहाटे कोर्टावर पाणी मारतो,
रोलर फिरवतो, मग चुन्याची रेघ ओढतो
तान्ह्याला काजळ घालावं तशी, श्वास धरून.

"तिरकं मारायचं वैनी, पल्याडच्या चौकटीत.
एक चुकला तर दुसरा हाय. दुसराबी चुकला
तर कुणाचं नाव घेऊ नका."

शून्याला लव्ह म्हणतात. का, ते त्यालाही ठाऊक नाही.
पंधरा, तीस, आणि मग चाळीस.
"वरचे पाच कुठं गेले?" मी विचारलं.
"सायबांनी नेले," म्हणाला, जाळी ताणत.

टप्पा एकच. दुसऱ्यानंतर धावणं
म्हणजे एसटी सुटल्यावर हात करणं.
ड्यूस झाला की सलग दोन घेतल्याबिगर सुटका नाही.
"आणि रेघ आतलीच. चुना उडाला की आत.
आपल्या अंगणातला टप्पा आपणच सांगायचा,
पंच कोण ठेवतंय हितं?"

शनिवारी इंगवलेबाईंचा चेंडू
माझ्या कोपऱ्यात पडला.
"आऊट," मी म्हणाले. जरा लवकरच.
त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला.
गेम माझा.

चेंडू उचलला तर त्याच्या लवेवर
बोटभर पांढरं.
मी तो ट्रॅकपँटला पुसला.

टेंबलाईच्या टेकडीमागून ऊन आलं,
कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास.
मामा पाईप गुंडाळत होता,
माझ्याकडं बघत नव्हता.

"लव्ह ऑल," इंगवलेबाई पलीकडून म्हणाल्या.
मांडीवर चुन्याचा डाग घेऊन
मी सर्व्हिसला उभी राहिले.

पहिला जाळीत गेला.