पाव थेंब

प्राचार्यांचं पत्र आलं: शनिवारी दोन ते चार,
‘अभ्यासात कच्च्या विद्यार्थिनींसाठी उपचारात्मक वर्ग’.
जणू ताप आलाय मुलींना,
आणि आपण पट्ट्या ठेवायच्या कपाळावर.

सात नावं होती.
दोघींना सूत्र पाठ करून हवं होतं, दिलं.
एकीला इंग्रजीची भीती. एक रात्रपाळीहून थेट आलेली,
तिला नुसती झोप हवी होती,
मागच्या बाकावर निजू दिलं, पंखा वाढवला.
बाहेर ए. बी. रोडवर बसवाले ओरडत होते,
उज्जैन, उज्जैन, देवास.

सातवी थावरी डावर. आलीराजपूरच्याही पुढून कुठून तरी.
औषधमात्रेच्या पेपरात दोनदा नापास.
तिसऱ्यांदा गेला तर वर्ष जाणार,
शिष्यवृत्ती जाणार,
वसतिगृहातली खिडकीजवळची खाट जाणार.

तिचे दोन्ही पेपर काढून बसले.
पाचशे मिली, चार तास, मिलीला पंधरा थेंब,
मिनिटाला किती?
गुणाकार बरोबर. भागाकार बरोबर.
खाली एकतीस पूर्णांक पंचवीस,
आणि त्यावर काट.
दोन्ही पेपरात. दुसऱ्यात तर
कागद फाटेपर्यंत.

का खोडलंस ग?
ती रबरी पेशंटच्या निखळलेल्या हाताकडे बघत राहिली.
मी थांबले. मला थांबता येत नाही खरं तर,
शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसणं हाच मोठा आजार.
शेवटी म्हणाली,
पाव थेंब पडत नाही, मॅडम.
मी पाहिलंय.
पडतो तर सगळा पडतो,
नाही तर लोंबत राहतो.

बापाचे अकरा ताड आहेत तिच्या.
लहानपणी राखणीला झाडाखाली निजायची,
वर मडक्यात रात्रभर टिपटिप.
आवाजावरून सांगायची, कुठलं भरत आलंय,
कुठल्याला अजून पहाट लागेल.
त्या मुलीला कागद म्हणाला, पाव.
तिला वाटलं, चुकलं आपलंच.

मला हसू आलं आणि घशातच अडकलं.
बावीस वर्षं सांगत आले आहे मी,
दशांश सोडून द्या, जवळचा पूर्ण आकडा घ्या.
सांगते, पण तासाच्या शेवटी,
घंटा होता होता,
आणि इंग्रजीत.

चल, म्हटलं. स्टँडला बाटली लावली,
खाली टब ठेवला.
तिने चाक फिरवलं, डोळे मिटून,
मी घड्याळ धरलं.
तेहतीस. जरा आवळलं तिने.
एकतीस.
पुन्हा मोजलं. एकतीस.

मग तो पाव कुठे जातो?
हे तिने विचारलं, मी नाही.
बाटलीत राहतो, म्हटलं. मोज ना.
खडू घेतला. मिनिटाला पाव, दोनशे चाळीस मिनिटं,
साठ थेंब. चार मिली.
म्हणजे पेशंटला चार मिली कमी? चेहराच उतरला.
नाही ग. बाटली संपायला दोन मिनिटं उशीर, एवढंच.
दोन मिनिटं?
ती पहिल्यांदा हसली.
बापाला झाडावरून उतरायलाच त्याहून जास्त लागतात.

पेपर पुढच्या महिन्यात आहे. काय होईल, सांगता येत नाही.
इंग्रजी अजून राहिलंय,
आणि ज्या पुस्तकात ताडाचं झाड नाही
अशी चार जाड पुस्तकं.
जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली,
थावर म्हणजे शनिवार, मॅडम. शनिवारची मी.
हजेरीत वर्षभर नाव पुकारत होते,
कधी विचारलं नव्हतं.

मागच्या बाकावरची उठली, डोळे चोळत म्हणाली,
झाला का वर्ग?
टबाबाहेर बरंच सांडलं होतं,
चार मिलीहून खूपच जास्त.
आम्ही दोघींनी मिळून पुसून घेतलं.