उलटी वर्षं

परातीत ज्वारीचं पीठ पसरून
बोटानं ओढते युफ्रेटिस.
इथं बाबेल, इथं निनवे,
पार कडेला जालन्याची कुंडलिका, एवढीशी.

योएल विचारतो,
"ख्रिस्तापूर्वीची माणसं वर्षं उलटी मोजायची?
कुणी येणारंय, ठाऊक होतं त्यांना?"

नव्हतं रे.
विटा भाजायची, कर भरायची,
अंधार पडला की निजायची.

"आणि आपले खापरपणजोबा?"

त्यांचं साल सापडत नाही.
चर्चच्या वहीत एकच ओळ :
लखू, आता लाजर. वय अंदाजे तीस.
बाप्तिस्मा, दुष्काळात.

"धान्यासाठी?"

रोमच्या पडझडीवर मी तासभर बोलेन.
इथं बोट थांबतं.

"भूक होतीच," म्हणते,
"पण नावही कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं."

तो कुंडलिकेकाठी एक ठिपका देतो.

भाकरीची वेळ झाली.
युफ्रेटिसपासून मळायला घेते.